दुसऱ्या सीटवर पोरगं टिकत नाही, दोष पोराचा की टीमचा?

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी, फॉर्म्युला वनमधल्या रेड बुल टीमनं परत सीट फिरवली. सुनोडा रेसिंग सीटवरून बाहेर, २०२६ ला मॅक्स व्हर्स्टॅपनच्या शेजारी हाजार आणि रेसिंग बुल्समध्ये (रेड बुलचीच धाकटी टीम) हाजारच्या जागी अर्विद लिंडब्लाड, जाहीर झालं तेव्हा पोरगं फक्त १८ वर्षाचं. इथं विश्रामबागला आम्ही चार-पाच जण फॅनकोडवर रेस एकत्र बघतो, ही बातमी आल्यापासून आमच्यात नुसता वाद चाललाय. लॉसनला २०२५ च्या सुरुवातीला वर घेतलं आणि ऑस्ट्रेलिया, चीन दोनच रेस झाल्या की परत खाली पाठवलं. माझा भाचा कोल्हापूरला कार्टिंग करतो, त्यानं मला तेव्हाच विचारलेलं, मामा दोन रेसमध्ये काय कळतं? मला नीट उत्तर देता आलं नाही. माझं स्वतःचं मत असं की गॅसली, अल्बॉन, पेरेझ, लॉसन, सुनोडा एवढे सगळे एकाच सीटवर फेल होत असतील तर ड्रायव्हर बघायच्या आधी ती सीट बघायला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी सविस्तर लिहा, पोरगं मन लावून वाचतं.

मिरजकर
माझं मत वेगळं आहे. ही पद्धत कडक आहे पण त्यातूनच माणसं तयार झालीत. फेटल २००८ ला टोरो रोसोमधून (रेसिंग बुल्सचंच जुनं नाव) मॉन्झा जिंकला, २००९ ला वर गेला आणि २०१० ते २०१३ सलग चार टायटल. रिकार्डो, साइंझ, गॅसली, अल्बॉन सगळे याच शाळेतले. आणि २०१६ आठवा, क्वियाटला काढून मॅक्सला बसवला तेव्हा सगळ्यांनी मार्कोंना (रेड बुलची पोरं निवडणारे सल्लागार) नावं ठेवलेली, आणि पोरानं बार्सिलोनाला रेड बुलमधली पहिलीच रेस जिंकली, १८ व्या वर्षी! त्या दिवशी थांबू म्हणाले असते तर? जगात सीट २०, आता कॅडिलॅक आल्यावर २२. मागं रांग लागलेली असताना टीम कुणासाठी किती थांबणार. टॉपच्या गाडीत बसायचं तर पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं.

अजिंक्यतारा (सातारा)
मिरजकर, क्वियाटची अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. मॅक्स जिंकला म्हणून क्वियाटला काढणं बरोबर ठरत नाही. शांघायला तो पोडियमवर होता, तिसरा. पुढच्याच रेसला रशियात सोचीला पहिल्या लॅपला फेटलला दोनदा धडकला, ते पण घरच्या लोकांसमोर, आणि पुढची रेस यायच्या आत खाली. एका पोडियमनंतर एका चुकीसाठी. २०१७ संपायच्या आत टोरो रोसोमधूनपण गेला. २०१९ ला परत आला आणि हॉकेनहाइमला पावसात परत तिसरा. म्हणजे पोरात दम होता.

गॅसलीचं तर मला अजून वाईट वाटतं. २०१९ ला १२ रेस मिळाल्या. हंगेरीत मॅक्स पोलवरून (सगळ्यात पुढच्या जागेवरून) सुटून दुसरा आला आणि गॅसली सहावा, त्याच्यापेक्षा पूर्ण एक लॅप मागं, ती त्याची शेवटची. खाली आल्यावरची पहिली रेस स्पाला, आणि त्याच वीकेंडला शनिवारी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आंत्वान ह्युबेर एफ टूच्या (फॉर्म्युला वनच्या खालचा वर्ग) रेसमध्ये अपघातात गेला. अशा अवस्थेत रविवारी गाडीत बसला आणि पॉइंट आणले. त्याच वर्षी ब्राझीलला हॅमिल्टनला फिनिश लाइनवर मागं ठेवून दुसरा, आणि २०२० ला मॉन्झा जिंकला. सगळे निघून गेल्यावर पोडियमच्या पायरीवर एकटाच ट्रॉफी शेजारी ठेवून बसलेला तो, ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय. आता सांगा ड्रायव्हर वाईट होता का? तोच माणूस, गाडी बदलली, आजूबाजूची माणसं बदलली.

गाडीचं म्हणाल तर मॅक्सला पुढचं टोक एकदम धारदार लागतं, स्टिअरिंग हललं की गाडी वळली पाहिजे, मागचं टायर सुटलं तरी तो सांभाळून घेतो. वर्षानुवर्षं गाडी त्याच अंगानं डेव्हलप होत गेली कारण टाइम तोच आणतोय. दुसऱ्याला मागचं टोक कधी सुटेल याचा भरवसा नाही, मग तो कॉर्नरला थोडा आधी ब्रेक मारतो, आणि तेवढ्यात क्वालिफायिंग (रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी) गेली. मॅक्स सगळ्यांच्या पुढं आणि दुसरा क्यू वनला, म्हणजे क्वालिफायिंगच्या पहिल्याच टप्प्यात बाहेर, हे असं होतं.

तासगाव एक्सप्रेस
लॉसनचं मी जोडतो. मेलबर्न आणि शांघाय दोन्ही ट्रॅक त्याला नवीन. मेलबर्नला इंजिनच्या प्रॉब्लेममुळं तिसरी प्रॅक्टिसच गेली, क्वालिफायिंगला १८ वा, रेसला पावसात ठोकली. चीनला स्प्रिंट वीकेंड म्हणजे प्रॅक्टिस एकच, तिथं शेवटून पहिला. सीझनमध्ये चालू वर्षाच्या गाडीचं टेस्टिंग २००९ पासून जवळपास बंद, त्यामुळं शिकायचं कुठं, तर रेसलाच, सगळ्या जगासमोर. आणि गंमत नाही ही, बाकूला बघा काय झालं. खाली पाठवलेला लॉसन रेसिंग बुल्समध्ये पाचवा आणि त्याच्या जागी बसवलेला सुनोडा रेड बुलमध्ये सहावा, शेवटी त्याच्या मागंच, पास करता आलं नाही. जिंकला कोण तर मॅक्स, सुनोडाचाच टीममेट.

मिरजकर
बाकूचं मान्य. पण मग टीमनं करायचं काय? २०२५ ला मॅक्सचे ४२१ पॉइंट, टायटल २ पॉइंटनं हुकलं, आणि कन्स्ट्रक्टर्सला (टीमच्या टायटलला) टीम तिसरी. दुसरी गाडी मॅकलारेनवाल्यांच्या मध्ये अडवायला असती तर? वाट बघायची किंमत पण असते की. आणि अल्पीननं डूहानला ६ रेसनंतर काढलं, ही फक्त रेड बुलची सवय नाही.

वडूजचा शौकीन
मी फॉर्म्युला वन तुमच्याएवढं बघत नाही, पण आमच्या घरात शर्यतीची बैलं आहेत म्हणून लिहितो. आमच्याकडं आदतचं (अजून दात न पडलेल्या खोंडाचं) मैदान वेगळं असतं, आदत खोंड कुणी थेट ओपनला जुंपत नाही. आणि एक आदत एक बैल अशी शर्यत असली तरी आधी सरावाला दोन-चारदा जुंपून बघतात, दोघांची पळायची ढब जमते का, बैल पुढं ओढतोय आणि खोंड फरफटतंय असं होतंय का. फरफटलं तर खोंड वाईट म्हणून विकत नाहीत, जोड बदलतात, कारण एकदा बुजलं की पुढं शर्यत सुटतानाच बिथरतं. तुमच्या त्या टीमकडं सरावाची गाडीच नाही का?

अजिंक्यतारा (सातारा)
शौकीन दादा, मुद्द्याचं विचारलंत. आहे, जुनी गाडी चालवता येते. मर्सिडीजनं नवख्या अँटोनेलीला २०२४ मध्ये जुन्या गाडीवर ट्रॅकमागून ट्रॅक फिरवलं. तरी मॉन्झाला पहिल्या प्रॅक्टिसला १० मिनिटांत गाडी ठोकली त्यानं, ती पण टीमचा ड्रायव्हर रसेल याची. आणि दुसऱ्याच दिवशी मर्सिडीजनं त्याला २०२५ साठी जाहीर केलं! कॅनडाला पोडियम आला पण युरोपातल्या रेसेस फार वाईट गेल्या, इटलीत इमोलाला घरच्या लोकांसमोर गाडी बंद पडली, तरी सीट हलली नाही. वर्ष संपता संपता ब्राझीलला दुसरा. रसेलला स्वतःला विल्यम्समध्ये ३ वर्षं काढायला लावली होती, पण वर घेतला तो ठेवायलाच घेतला. फेरारीनं लक्लेरला सॉबरमध्ये १ वर्ष दिलं, तेही तसंच.

मिरजकरांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, वर घ्यायला वेळ लावा, पण घेतल्यावर निदान अर्धा सीझन हात लावू नका. आणि सेटअप त्याचा त्याला करू द्या, मॅक्सचा डेटा पुढ्यात ठेवून असंच चालव म्हणू नका.

कृष्णाकाठ (सांगली)
सगळ्यांचे आभार, भाच्यानं पूर्ण वाचलं. शौकीन दादांचं दोनदा वाचलं. त्याचा अजून एक प्रश्न, आपल्याकडचं कुणी या शाळेत होतं का?

तासगाव एक्सप्रेस
होतं की. मुंबईचा जेहान दारूवाला. २०११ ला फोर्स इंडियाच्या मुलांच्या शोधातून निवडला गेला, २०२० ते २०२२ रेड बुल ज्युनियर, तिन्ही वर्षं एफ टू, रेससुद्धा जिंकल्या. पण वरची सीट मिळाली नाही, नंतर फॉर्म्युला ई ला गेला. भाच्याला म्हणावं खाली पाठवलेल्यांची नावं तरी लोकांना माहीत असतात, दारातूनच परत गेलेल्यांच्या रेसेस पण शोधून बघ, जेहानच्या २०२० च्या साखीरच्या (बहारीन) रेसपासून सुरू कर.

आणि हाजारचं बघायला मजा येणार. २०२५ ला मेलबर्नला फॉर्मेशन लॅपलाच (रेस सुटायच्या आधीचा फेरा) ठोकली, हेल्मेट घालूनच रडत रडत परत आला, आणि त्याच वर्षी झांडवोर्टला तिसरा. यावेळी नियम बदलल्यामुळं २०२६ ची गाडी सगळ्यांनाच नवीन, मॅक्सलासुद्धा. टीमचे जुने बॉस हॉर्नर २०२५ च्या जुलैतच गेले, मार्कोपण वर्षाअखेर गेले, आता बॉस मेकीस आहेत आणि त्यांनी हाजारला रेसिंग बुल्समध्ये जवळून बघितलंय. पहिल्या ५-६ रेसमध्ये पॉइंट मोजू नका, क्वालिफायिंगला मॅक्सपासून किती मागं आहे आणि ते अंतर कमी होतंय का एवढंच बघा. मी मेलबर्नपासून दर रेसनंतर इथंच टाकत जाईन.