जिमला जायला बिचकणाऱ्यांसाठी ॲप: अंतर आणि फी दाखवून भागेल का?

कागदी_होडी
गेले चार महिने आम्ही तिघं एका ॲपवर काम करतोय. ज्यांना व्यायाम सुरू करायचाय पण जिमच्या दारातून आत पाऊल पडत नाही, त्यांना आपल्याजोगी जिम सापडावी, एवढंच त्याचं काम. सुरुवात पुण्यात, तीही कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे एवढ्याच भागात. माझं म्हणणं मांडतो. विरोधात बोलायचं असेल त्यांनी मोकळेपणाने बोला, आत्ताच ऐकायला मिळालं तर बदल करता येतील.

आज जिम शोधायला गेलं की नकाशावर अंतर, तारे आणि रिकाम्या हॉलचे फोटो दिसतात. बिचकणाऱ्या माणसाच्या मनातले प्रश्न त्यात कुठेच नसतात.

माझ्या ताईचं सांगतो. वय ४६, साखर सीमारेषेवर, डॉक्टरांनी चालण्याबरोबर वजनं उचलायलाही सांगितलं होतं. दोन वर्षं टाळून शेवटी ती तयार झाली आणि मी तिला घराजवळच्या एका जिममध्ये घेऊन गेलो. दारातच काउंटर, तिथे नाव आणि मोबाईल नंबर. मग वजनकाटा. तो पाण्याच्या कूलरला लागून ठेवलेला, आणि तीन मुलं बाटल्या भरत उभी. ट्रेनरने आकडा मोठ्याने वाचला, कारण तो लिहून घेणारी मुलगी पलीकडे काउंटरवर बसली होती. ताईने ओढणी सारखी केली आणि काट्यावरून उतरली. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती, नायलॉनची दोरी खिळ्याला गुंडाळायची. बाहेर आल्यावर वर्षाच्या फीची ऑफर, ती पण ‘आज संध्याकाळपर्यंतच’. ती ‘घरी विचारून सांगते’ म्हणाली. पुढचे पंधरा दिवस तिला फोन येत होते. आता ती गच्चीवर फेऱ्या मारते आणि जिमचा विषय काढला की उठून आत जाते.

म्हणून आमच्या ॲपमध्ये तारे नाहीत. वजन कुठे करतात आणि नको म्हणता येतं का, दाराला कडी आहे का, संध्याकाळी सातला किती माणसं असतात, पहिल्या दिवशी शेजारी कोण उभं राहतं, एका महिन्याचे पैसे लेखी सांगतात का, नंबर न देता आत बघता येतं का. हे सगळं आमचा माणूस प्रत्यक्ष जाऊन तपासणार. माझं ठाम मत आहे की संकोच हा स्वभावाचा दोष नाही. आत काय होणार हे माहीत नसल्यामुळे तो येतो, आणि माहिती दिली की बराचसा जातो.

लाल_माती
भावा, तुझ्या ताईचं वाचून वाईट वाटलं. पण शेवटचं वाक्य पटलं नाही. मी कोल्हापूरचा. इथं पेठेपेठेत तालमी आहेत, खासबागचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं. तालमीत नवीन पोरगं माहिती काढून येत नाही, कुणाचं तरी बोट धरून येतं. मामा आणतो, शेजारचा दादा आणतो. वस्ताद पहिले आठ दिवस त्याला नुसती माती उकरायला लावतात. फावडं हातात आलं की तो परका राहत नाही, आणि त्याच्या अंगाकडं कोण बघतंय हे तो विसरतो. संकोच मोडतो तो माणसामुळं आणि कामामुळं. तुझं ॲप घेऊन माणूस पलंगावर पडून दहा जिमच्या कड्या तपासत बसेल आणि महिना निघून जाईल.

पावणेसातची_बस
@लाल_माती, बोट धरून कुणाला नेत होते? माझ्या भावाला. माझ्या माहेरच्या गल्लीत तालीम होती, तिच्या दारासमोरून मी दहा वर्षं शाळेत गेले, आतली माती कधी पाहिली नाही. मला कुणी मामा घेऊन जाणार नव्हता. मग आमच्यासारख्यांना माहितीच लागते.

भारतातल्या प्रौढांबद्दलचे २०२२ चे आकडे लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायका ५७ टक्के, पुरुष ४२. हा फरक काही आळसाचा नाही.

पण धागाकर्त्यालाही सांगायचंय. ‘लेडीज बॅच’ असा नुसता फिल्टर टाकून मोकळे होऊ नका. आमच्याकडची लेडीज बॅच अकरा ते चार. त्या वेळात मी ऑफिसात असते. मला सात वाजता, पुरुष असतानाच जायचंय, आणि तेव्हा डंबेलच्या रॅकसमोर कोण कसं उभं असतं ते कळायला हवंय. तुमचा माणूस सकाळी अकराला जाऊन पाहणी करून आला तर उपयोग नाही. आणि तो माणूस बाई असावी.

रॅकवरचा_डंबेल
मी जिम चालवतो, नाशिकला, सात वर्षं झाली. ताईंच्या बाबतीत झालं ते चूकच, वजन असं ओरडून सांगत नाहीत. पण मालकाची बाजू पण ऐका. जानेवारीत गर्दी, मार्चला निम्मी गायब. भाडं बाराही महिने. वर्षाची फी आधी घेतली नाही तर मी ट्रेनरचे पगार कुठून देऊ? नंबर का घेतो? दहा जण बघून जातात, फोन केला तर त्यातले दोन येतात. त्या दोनमध्ये एक तरी असा असतो जो नंतर म्हणतो, बरं झालं फोन केलात. तुम्ही ज्याला त्रास म्हणता तो कुणासाठी धक्का असतो, आणि बिचकणाऱ्याला तोच लागतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, लोकांना वाटलं आता आमची चांदी. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं, मशिनवर भरलेला कर अंगावर पडला.

कागदी_होडी
@रॅकवरचा_डंबेल, बाजू मांडलीत, आभार. भाड्याचं मला मान्य आहे. पण वर्षाच्या फीबद्दल नाही. देलाविन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००६ चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या सात हजारांहून जास्त सभासदांवर. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होते. एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडले. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर. माणूस सही करताना आपण रोज येऊ असं धरून चालतो. बिचकणारा तर आणखीच, कारण त्याला काउंटरवरून लवकर सुटायचं असतं. ताई त्या दिवशी पैसे भरून टाकणार होती, मी हात धरला म्हणून थांबली. असा धक्का मला नको आहे.

तिसरा_मजला
फार मूलभूत विचारतो. ॲपला पैसे कोण देणार? नोंदणीमागे जिमकडून कमिशन घेणार असाल तर वर्षभरात तुम्हीही ‘आज संध्याकाळपर्यंतच’ म्हणायला लागाल. मी दोन ॲपवर काम केलंय, हेतू चांगले होते, कमिशनने वळण लावलं.

आणि दुसरं. तुमच्या ॲपचा पहिला स्क्रीन काय विचारतो?

कागदी_होडी
पैशांचं असं ठरवलंय: नोंदणीला शून्य. माणूस तिसऱ्या महिन्यातही येत असेल तरच जिमने आम्हाला द्यायचं. म्हणजे तो टिकण्यात आमचाही फायदा.

पहिला स्क्रीन वय, उंची, वजन आणि ध्येय विचारतो.

तिसरा_मजला
मग कूलरशेजारचा काटा तुम्ही फोनमध्ये आणून ठेवलाय. ताईंनी ॲप उघडलं की पहिल्या दहा सेकंदांत पुन्हा तोच आकडा. जवळची जिम दाखवायला वजन लागतं कशाला?

तिसऱ्या महिन्याची कल्पना छान आहे, पण माणूस येतोय हे तुम्हाला कळणार कसं? जिमची हजेरी तुमच्याकडे येणार. कोण किती वाजता घराबाहेर असतं हे त्यातून दिसतं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो हे ठीक, पण बिचकणारा माणूस संमतीचं बटणही लवकर सुटण्यासाठीच दाबतो, हे तुम्हीच वर लिहिलंय.

कागदी_होडी
हे दोन्ही बरोबर आहे आणि आमच्या तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. वजन आजच काढतो. उंचीही. त्या जागी ‘तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची धास्ती वाटते’ हा एकच प्रश्न ठेवायचा विचार आहे, आणि उत्तर फोनमध्येच राहील. हजेरी नको मग. तिसऱ्या महिन्यात त्या माणसालाच विचारू, जाताय का, आणि त्याने सांगितलं नाही तर आमचे पैसे बुडाले असं धरू.

लाल_माती
धास्तीचा प्रश्न चांगला आहे. पण उत्तर वाचणारं कुणी नसेल तर तो विचारून काय फायदा? माझं तेच म्हणणं राहतं. तुमच्याकडं त्याच जिमचे जुने सभासद असतील, पहिले तीन दिवस एकाला सोबत लावून द्या. पाण्याची बाटली कुठं ठेवायची इतकं सांगितलं तरी पुरे.

पावणेसातची_बस
अनोळखी माणूस सोबत, तोही ॲपने ठरवलेला? मी तरी दार उघडणार नाही. सोबत असावी हे खरं, पण ती मी निवडीन. मैत्रिणीला पहिला आठवडा फुकट येऊ देतील का, एवढं प्रत्येक जिमपुढे लिहा.

लाल_माती
हे पटलं. आम्हीपण ओळखीच्याच मामाबरोबर गेलो होतो.

रॅकवरचा_डंबेल
मैत्रिणीचा आठवडा मला परवडतो, मशिनं दुपारी रिकामीच असतात. संध्याकाळी सातला नाही परवडत, खरं सांगतो. आत्ता जिममधूनच लिहितोय. माझा काटा काउंटरसमोर आहे, इतकी वर्षं तिथेच होता. ऑफिसच्या खोलीत कपाटामागे जागा आहे, उद्या तिथे हलवतो. पण फोन नंबर मी घेणारच, त्यावरून तुमच्या ॲपमध्ये नाव आलं नाही तरी चालेल.

पावणेसातची_बस
नंबर घ्या. पण फोन करू का, हे विचारून घ्या, आणि नको म्हटलं तर करू नका.