गावकरी: जमीन गावाची होती की गावकारांची?

मानसकाठ:
परवा आमच्या खाजनात (खाडीकाठची बांध घातलेली भातशेती) मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुजून खारं पाणी आत शिरलं, भात गेलं, आणि दुरुस्ती कोणी करायची यावर दोन दिवस नुसती वादावादी. म्हणून म्हणतो गोव्यातली जुनी गावकरी पद्धतच बरी होती. जमीन गावाची, शेतांची पावणी (लिलाव) व्हायची, त्या पैशातून सारा, बांध, मानस, देवाचं सगळं भागवून उरलं तर गावकारांना झोण, म्हणजे वाटा. पोर्तुगीजांनी त्याचीच कोमुनिदाद ही संस्था करून वाट लावली.

कुळाचा_नातू:
कुठलं गाव हो? गावकार म्हणजे मूळच्या वांगडांचे (घराण्यांचे) पुरुष वंशज, संपला विषय. माझी आजी जन्मभर त्याच चिखलात लावणी करत होती, तिला छदामही नाही, आणि गावकाराचा मुलगा मुंबईत बोटीवर असला तरी झोण त्याचं. हे काय पोर्तुगीजांनी शिकवलं?

जुने_कागद:
दोघंही जरा थांबा. १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोन्सु मेशियाने गावकरीचे रीतिरिवाज लिहून घेतले, तोच फोराल नावाचा दस्तऐवज. मोडलं नाही कारण वसुलीला सोयीचं होतं ना, सारा अख्ख्या गावावर, एकाचं शेत बुडालं तरी बाकीच्यांनी मिळून भरायचा. नंतर देवळं पाडली तेव्हा देवाच्या जमिनी चर्चकडे, आणि १५८३ च्या उठावानंतर कुंकळ्ळीकरांचं तर गावच काढून घेतलं. पुढे कोमुनिदादचे शेअर निघाले, ते विकत घेऊन बाहेरचेही आत आले. नाव गावाचंच राहिलं.

मानसकाठ:
@कुळाचा_नातू बायकांचं बरोबर आहे, मान्य. पण भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, ही मानस सांभाळायला एकट्याचा खिसा पुरत नाही. कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने शेत कुळाच्या नावावर झालं, बांधाची जबाबदारी कूळ संघटनेवर आली, आणि आमच्याकडे बैठकीला चार टाळकी येतात.

कुळाचा_नातू:
म्हणजे मालकी मिळाली हीच आमची चूक? त्या दुरुस्तीनेच आजीचं शेत आमचं झालं, ते मी कुणाच्या आठवणींसाठी परत देणार नाही. वर्गणी काढा, देतो. पण बैठकीत वांगड विचारायचं नाही.

मानसकाठ:
कोण विचारतंय! रविवारी ओहोटी सकाळी आहे, या. फळी फणसाची की माट्टीची यावर तिथेच भांडू.