जपान एअरलाइन्स वाचली ती कुणामुळं? इनामोरींमुळं की कर्जमाफीमुळं?

मिरजकर तिकटी

परवा कोल्हापुरात उद्यमनगरात एका व्याख्यानात जपान एअरलाइन्सची गोष्ट ऐकली. काझुओ इनामोरी नावाचा ७८ वर्षांचा माणूस अध्यक्ष होतो, पगार एक येनही घेत नाही, विमानधंद्यातलं काही ठाऊक नाही आणि बुडालेली राष्ट्रीय विमान कंपनी वर्षा-दोन वर्षांत नफ्यात. टाळ्या पडल्या. मग वक्ते म्हणाले, "आपल्या केएमटीला, शहर बससेवेला, असा एक इनामोरी मिळाला तर?" पुन्हा टाळ्या. पहिल्या टाळ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. इनामोरी हे मोठंच प्रकरण होतं. १९५९ ला क्योसेरा उभी केली, पुढं टेलिफोन कंपनी काढली, मधे रीतसर बौद्ध दीक्षाही घेतली. भांडण आहे ते दुसऱ्या टाळ्यांशी.

वक्त्यांनी जे सांगितलंच नाही ते इथं मांडतो. १९ जानेवारी २०१० ला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा डोक्यावर साधारण २ लाख ३० हजार कोटी येनचं देणं होतं. इनामोरी १ फेब्रुवारीला खुर्चीवर बसले. सरकारी पुनरुज्जीवन संस्थेनं ३५ हजार कोटी येन भांडवल ओतलं. बँका आणि बाकीच्या घेणेकऱ्यांनी ५२ हजार कोटींवर पाणी सोडलं. जुन्या भागधारकांच्या शेअरची रद्दी झाली. ४८ हजारांतली १६ हजार माणसं कमी केली. निवृत्तांच्या पेन्शनला सुमारे ३० टक्के कात्री, कामावर असलेल्यांच्या पेन्शनला ५० टक्के. ३१ डिसेंबर २०१० ला, ऐन वर्षाअखेरीला, १६५ वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांना थेट घरी पाठवलं. ते कोर्टात गेले आणि हरले.

एवढं झाल्यावर मार्च २०११ अखेर १८,८४० कोटी येन ऑपरेटिंग नफा, म्हणजे धंदा चालवण्यातला नफा. देणं दुसऱ्यानं सोडलं, पगार दुसऱ्याचा गेला, नफ्याचं श्रेय मात्र एकट्या अध्यक्षांना. हे मला पटत नाही. पटवून द्या.

शिरोली फाटा

तिकटीराव, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष सोयीचा काढलाय.

पैसा ओतून कंपनी वाचत असती तर अलितालिया आज उडत असती. इटलीच्या सरकारनं किती वेळा हात दिला, मोजायचं सोडून द्या. १४ ऑक्टोबर २०२१ ला शेवटचं विमान उतरलं आणि विषय संपला. आपल्या एअर इंडियाला २०१२ मध्ये ३० हजार कोटींची योजना मंजूर झाली. झाला नफा? पैसा तिघांनाही मिळाला, नफा जपानवाल्यांनाच का, याचं उत्तर तुमच्या पोस्टमध्ये नाही.

माझ्या मते उत्तर हिशेबात आहे. इनामोरी येण्याआधी त्या कंपनीत महिन्याचा निकाल कळायला दोन-तीन महिने लागायचे. कोणता मार्ग कमावतोय आणि कोणता खातोय, हे तो चालवणाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कंपनीचे लहान-लहान गट पाडले, प्रत्येकाला आपली जमा आणि आपला खर्च दिला आणि मार्गाचा हिशेब दुसऱ्या दिवशी समोर यायला लागला. हँगरमध्ये सुट्या सामानावर किंमत लिहून ठेवली. स्वतःच्या हातातला हातमोजा केवढ्याचा, हे मेकॅनिकला पहिल्यांदा कळलं.

हे मला पुस्तकातून समजलं नसतं. माझी फौंड्री आहे. पूर्वी महिना संपला की सीए सांगायचे, तोटा आहे. कुठं? भट्टीवर, कोअर शॉपमध्ये की फेटलिंगला? कुणालाच पत्ता नाही, सगळे एकमेकांकडं बघायचे. आता प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या एका भरणीला, विजेचे किती युनिट जळले आणि किती कास्टिंग रिजेक्ट गेलं, हे पाळी सुटायच्या आत फळ्यावर लिहिलेलं असतं. त्यासाठी मी एकही भाषण केलं नाही. दोन भरण्यांच्या मधे भट्टीवर झाकण ठेवायचं, हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत होतो. फळा आला आणि पोरं आपणहून ठेवायला लागली. माझं बँकेचं कर्ज मात्र कुणी सोडलेलं नाही, हे पण लिहून ठेवा.

आणि एक. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी. प्रवासी गळाले. तरी पुढच्या वर्षीचा नफा २०,४९० कोटी येन, म्हणजे आधीच्यापेक्षा जास्त. कर्जमाफी त्सुनामी थोपवत नाही.

राजारामपुरी ७ वी गल्ली

शिरोलीकर, त्सुनामीचा मुद्दा चांगला आहे, पण सीए या नात्यानं दोन गोष्टी जोडते.

दिवाळखोरीत विमानांची वहीतली किंमत खाली आणली गेली. किंमत खाली म्हणजे दरवर्षीचा घसारा (वापरानं घटणारी किंमत, जी खर्चात धरतात) कमी, आणि घसारा कमी म्हणजे तेवढा नफा आयता. हा फायदा दुसऱ्या वर्षीही होताच. शिवाय मागचा तोटा पुढं ओढून कंपनीला कित्येक वर्षं आयकरात सूट होती. प्रतिस्पर्धी विमान कंपनी एएनएनं अशी कर्जमाफी न घेता धंदा केला, कर भरला आणि वर त्याच करातून उभ्या राहिलेल्या कंपनीशी स्पर्धा केली. त्यांची ओरड सरकारलाही रास्त वाटली असावी, कारण २०१३ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमानांच्या ये-जा करायच्या वेळा वाटताना एएनएला ११ दिल्या आणि जपान एअरलाइन्सला ५.

"नवा प्रमुख आला, कंपनी नफ्यात" ही बातमी आली की मी आधी विचारते, कोणता नफा? आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१५ मध्ये अश्वनी लोहाणी एअर इंडियात आले. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळ सावरलेला माणूस, त्यांच्या क्षमतेबद्दल शंका नाही. २०१५-१६ ला १०५ कोटींचा ऑपरेटिंग नफा जाहीर झाला, केवढं कौतुक झालं. त्याच वर्षी निव्वळ तोटा साडेतीन हजार कोटींच्या वर होता, आणि जगात तेल इतकं पडलं होतं की जानेवारी २०१६ मध्ये कच्चं तेल पिंपामागं ३० डॉलरच्याही खाली गेलं. पुढं कॅगनं तपासलं तर म्हणे तो नफा नव्हताच, ३२१ कोटींचा ऑपरेटिंग तोटा होता. वर्ष एक, वह्या त्याच, उत्तरं दोन.

पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीनं, पीआयएनं, २०२४ ला २,६०० कोटी पाकिस्तानी रुपयांचा नफा दाखवला, वीस-एकवीस वर्षांतला पहिला. त्याआधी जुनं कर्ज उचलून वेगळ्या होल्डिंग कंपनीत नेऊन ठेवलं होतं. ऑपरेटिंग नफा बघायला गेलं तर त्या आकड्याच्या निम्माही नाही.

तांबडा पांढरा

मॅडम, मग टाटांच्या एअर इंडियाचं काय? तिथं तरी मालक नवा, पैसा स्वतःचा. जेआरडींनी १९३२ ला कराची-मुंबई टपाल उडवलं, सरकारनं १९५३ ला कंपनी घेतली आणि जानेवारी २०२२ ला घरची वस्तू घरी आली. ४७० विमानांची ऑर्डर दिलीय भावा, नाद खुळा! कर्जमाफीचा इथं काय संबंध?

राजारामपुरी ७ वी गल्ली

संबंध आहे. ऑगस्ट २०२१ अखेर एअर इंडियावर ६१,५६२ कोटींचं कर्ज होतं. टाटांची बोली १८ हजार कोटींची, त्यातले १५,३०० कोटी कर्जाची जबाबदारी आणि रोख २,७००. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारी होल्डिंग कंपनीकडं गेले, म्हणजे तुमच्या-माझ्याकडं. मी त्याला वाईट म्हणत नाही, त्याशिवाय कुणी हातच लावला नसता. फक्त "स्वतःचा पैसा" म्हणताना हा आकडा शेजारी ठेवा. आणि इतकं करूनही नफा अजून लांब आहे. कंपनी सावरणं खरंच अवघड असतं, मी ते नाकारत नाहीये.

मिरजकर तिकटी

तांबडा, आणखी एक. त्या विक्रीत एअर इंडियाची लहान मार्गांवरची कंपनी अलायन्स एअर नव्हती, ती सरकारकडंच राहिली. आपल्या उजळाईवाडी विमानतळावर डिसेंबर २०१८ मध्ये हैदराबाद-बंगळूरचं विमान आलं ते तिचंच, लहान शहरांसाठीच्या सरकारी उडान योजनेतलं. मोठ्या शहरांचे मार्ग नव्या मालकाकडं आणि लहान गावांचे सरकारकडं. असं वाटप झालं की कोण नफ्यात येणार, हे सांगायला अध्यक्ष कशाला लागतोय?

वेबिल

मी एसटीत वाहक होतो, आता रिटायर. शिरोलीवाले साहेब, तुमचा फळा वाचून हसू आलं, राग मानू नका.

रोजचा हिशेब रोज, हे जपानी माणसानं शोधून काढलंय व्हय? एसटीत आम्ही फेरी संपवून आलो की वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरून कॅश जमा केल्याशिवाय घरला जाता येत नव्हतं. रात्री दहाला डेपोत बसून नाणी मोजलीत. कुठल्या फेरीला किती भारमान (किती सीटा भरल्या), किलोमीटरमागं उत्पन्न किती, सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी डेपो मॅनेजरच्या टेबलावर. ड्रायव्हरचं तर लिटरला किती किलोमीटर पडलं ते नावानिशी लागायचं. कमी पडलं की बोलावणं. म्हणजे हिशेब आमच्याकडं तुमच्या इनामोरीच्या आधीपासनं. मग एसटी नफ्यात का न्हाई?

कारण आकडा दिसला तरी डेपो मॅनेजरच्या हातात काय हाय? दाजीपूरकडची फेरी रिकामी जातीय हे त्याला दिसतंय. बंद केली की तासाभरात फोन. आणि मला विचाराल तर फोन यायलाच पायजे. ती गाडी गेली न्हाई तर शाळेची पोरं चालत येणार. जपानवाल्यांनी रिकामे मार्ग बंद केले, नफा झाला. आमी चंदगड, गगनबावड्याच्या फेऱ्या बंद केल्या तर उद्या आमीबी नफ्यात. टाळ्या वाजवणार का?

शिरोली फाटा

वेबिल काका, राग कशाला, उलट माझाच मुद्दा तुम्ही पुढं नेलात. हिशेब दिसणं आणि त्यावर हात चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. इनामोरींकडं दोन्ही होतं. त्यांनी सगळी ७४७ जंबो मार्च २०११ पर्यंत ताफ्यातून काढली. ही विमानं म्हणजे कंपनीचा मानबिंदू, वर्षानुवर्षं कुणाची छाती झाली नव्हती. अमेरिकन एअरलाइन्सची साथ सोडून तिच्या प्रतिस्पर्धी डेल्टाकडं जायचं जवळपास ठरलेलं, ते त्यांनी आल्या-आल्या फिरवलं. मोठ्या अधिकाऱ्यांना वर्गात बसवून हिशेब आणि वागणूक शिकवली, संध्याकाळी त्यांच्याबरोबर बिअर घेत बसले. यातलं एकही काम बँकेनं कर्ज सोडलं म्हणून आपोआप होत नाही. पगारच घेत नाही अशा माणसाला तुम्ही नोकरीची भीती दाखवणार कशी?

तिकटीराव, केएमटीवर आजवर किती अधिकारी आले आणि बदलून गेले? इथं एकाला चार वर्षं द्या, मार्ग ठरवायचा अधिकार द्या, मग बोलू.

मिरजकर तिकटी

अधिकार द्या, मान्य. पण काकांचा प्रश्न तुम्ही सफाईनं टाळलात. दाजीपूरची फेरी ठेवायची की नाही?

ठेवायची असेल तर ती तोट्यात जाणार हे गृहीत धरून तिचे पैसे कुणीतरी वेगळे द्यायला हवेत. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. निर्णय सरकारचा, भरपाई सरकारनं द्यायची. ती वेळेवर आली तर महामंडळ ठीक दिसतं, अडकली तर पगार लांबतो. अशा ठिकाणी इनामोरी बसवला तरी तो महिन्याच्या शेवटी मंत्रालयात फाईल घेऊनच उभा राहणार.

तांबडा पांढरा

म्हणजे ज्याला चुकतं करायचंय त्यानं केलं, तर कुठलापण साहेब चालतोय? हे काय पटत नाही तिकटीकाका.

राजारामपुरी ७ वी गल्ली

कुठलाही चालत नाही. पण चांगला असला तरी हमी नाही. केनिया एअरवेजनं २०२४ ला ५४० कोटी शिलिंग नफा दाखवला, ११ वर्षांतला पहिला. तेव्हा प्रमुख तेच होते, २०२० पासूनचे. शिलिंग वधारल्याचाही त्यात हात होता. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत १,२०० कोटींचा तोटा, कारण इंजिनांअभावी तीन ड्रीमलायनर विमानं जमिनीवर उभी राहिली. सहा महिन्यांपूर्वी ज्यांचे सत्कार झाले, त्यांची अक्कल सहा महिन्यांत कुठं गेली नव्हती.

म्हणून माझा आग्रह एवढाच. केएमटीचा ताळेबंद मांडताना तीन रकाने वेगळे करा: चालवण्यातला नफा-तोटा, जुन्या कर्जाचं व्याज आणि सवलतींची येणी. पहिल्या रकान्यासाठी शिरोलीकरांच्या साहेबाला धारेवर धरा. उरलेल्या दोन्हींसाठी त्याला धरू नका.

शिरोली फाटा

हे चालेल. पण पहिला रकाना बसस्टॉपवर लावायचा, मार्गासकट, दर सोमवारी. फाईलमध्ये नको.

वेबिल

लावा की. पण दुसरा आन् तिसरा बी शेजारीच लावा. न्हाईतर लोक पयला वाचून कंडक्टरलाच शिव्या घालत्यात.