हिरड्यांतून रक्त येतं पण दुखत काहीच नाही, काय करावं? (सल्ला हवा)

कवडसा:
नमस्कार. गेले काही महिने ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांपाशी थोडं रक्त येतंय. दुखत नाही, दात हलत नाहीत, कीडही नाही. घरचे म्हणतात, मऊ ब्रश घे, थांबेल. पण माझ्या आईचे दात पन्नाशीतच गेले, तेही कीड न लागता, एकेक हलत हलत. त्यामुळे मला हे अंगावर काढायचं नाही. हिरड्यांचा आजार सुरू झालाय की नाही, हे नेमकं कसं कळतं? आणि ब्रश, फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा), माउथवॉश यांतलं खरोखर उपयोगी काय? अनुभवी लोकांनी आणि जाणकारांनी कृपया लिहा.

आडवाट:
डेंटिस्टकडे जाच. आणि गेल्यावर नुसतं "दात बघा" म्हणू नका, "हिरड्यांची पॉकेट मोजा आणि आकडे लिहून द्या" असं सांगा. पॉकेट म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधली फट. माझे उपचार हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे, चालू आहेत. बारीक खुणा असलेली सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये अलगद सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर असेल तर ठीक. 4 किंवा त्याहून जास्त असेल आणि मोजताना रक्त आलं, तर त्या जागेकडे लक्ष द्यायला हवं. आरशात माझ्या हिरड्या चांगल्या दिसत होत्या आणि मागच्या दाढांपाशी आकडे 5 आणि 6 निघाले. तो कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तोच लागतो.

मोगरी:
मोजतील ते ठीक, पण मग लगेच स्केलिंग, म्हणजे दातांवरचा टणक थर खरवडून काढणं, सांगतील. त्यानं दात ढिले होतात आणि फटी पडतात असं ऐकलंय. आमच्या मावशींचे दात स्केलिंगनंतरच हलायला लागले. कवडसा, घाई करू नका असं मला वाटतं.

नीलपक्षी:
मी दंतवैद्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोगरी, ही भीती माझ्याकडे येणारे पुष्कळ जण बोलून दाखवतात, आणि मावशींना तसं का वाटलं असेल हेही कळतं. आजार वाढलेला असला की दातांच्या मधलं हाड आधीच झिजलेलं असतं आणि ती जागा टार्टरच्या टणक थरानं भरलेली असते. हा थर शेजारशेजारच्या दातांना गिलाव्यासारखा धरून ठेवतो. तो काढला की आधीपासून असलेली फट दिसते, आधीच सुटलेला दात हलतो. शिवाय सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते, मुळाचा थोडा भाग उघडा पडतो आणि काही दिवस थंड झोंबतं. पण थर तसाच ठेवला तर त्याच्यावर जंतू वाढत राहतात आणि हाडाची झीज चालूच राहते. म्हणून "थांबा" हा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

कवडसा, रक्त येणं हीच पहिली खूण आहे. निरोगी हिरडीतून साध्या ब्रशिंगनं रक्त येत नाही. दुखायची वाट तर अजिबात बघू नका, कारण हा आजार बहुतेकदा न दुखताच पुढे सरकतो. सूज हिरडीपुरतीच असते तोवर त्याला जिंजिव्हायटिस म्हणतात आणि ती पूर्ण बरी होते. 1965 साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला प्रयोग आम्हाला शिकवला जातो. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात साफ करणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. पुढची पायरी म्हणजे पेरिओडॉन्टायटिस. त्यात दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजतं. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. उपचारांनी झीज थांबवता मात्र येते. तुम्ही यांतल्या कुठल्या पायरीवर आहात हे आडवाट म्हणाले तसं पॉकेट मोजून आणि एक्स-रेवर हाडाची पातळी बघूनच ठरतं.

खालच्या पुढच्या दातांचं म्हणाल, तर जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं असतात. लाळेतले क्षार प्लाकवर, म्हणजे दातांवरच्या जंतूंच्या चिकट थरावर, साचून तिथे टार्टर लवकर जमतो. एकदा टणक झालेला थर कुठल्याही ब्रशनं निघत नाही.

डॉक्टरांना आईचं नक्की सांगा. या आजाराची प्रवृत्ती घराण्यात असू शकते. मधुमेहाची तपासणी केली नसेल तर करून घ्या, कारण साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. धूम्रपान करणाऱ्यांत उलटाच धोका असतो. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आत हाड झिजत असलं तरी कळत नाही. त्यांनी रक्तावर विसंबूच नये. तोंडाला वास, दात लांब दिसायला लागणं, नवी फट, पू यांपैकी काही दिसलं की दाखवावं.

रक्तदाबाची अम्लोडिपिन, फिट्सवरचं फेनिटॉइन अशा काही औषधांनी हिरड्या फुगतात. गोळी मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. आणि दात स्वच्छ असूनही रक्त थांबत नसेल, अंगावर काळेनिळे डाग येत असतील किंवा ताप असेल, तर रक्त तपासणी लवकर करा. असं क्वचित होतं, पण ते चुकवून चालत नाही.

आडवाट:
वापरायच्या वस्तूंबद्दल माझं मत: दातांमध्ये जागा असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा बारीक ब्रश. आकार मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मला दोन वेगवेगळे लागतात. घट्ट दातांमध्ये फ्लॉस. वॉटर फ्लॉसरनं अडकलेले कण छान निघतात, पण चिकट थर घासूनच निघतो असं मला सांगितलं गेलं.

नीलपक्षी:
+१. ब्रश मऊ दात्यांचा हवा, हिरडीच्या कडेला साधारण 45 अंशांत तिरका धरून, अगदी छोट्या हालचाली, दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. जिथे रक्त येतं ती जागा लोक घाबरून सोडतात. तीच जागा हळुवारपणे पण रोज साफ व्हायला हवी.

माउथवॉशनं ब्रशचं काम होत नाही. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक माउथवॉश चांगलं आहे, पण डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जास्त वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. ते पेस्टनंतर लगेच वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या.

कवडसा:
सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे, आकडे लिहूनच घेईन. अजून एक विचारते. माझी बहीण चार महिन्यांची गरोदर आहे आणि तिच्याही हिरड्या सुजल्यात. तिनं बाळंतपण होईपर्यंत थांबावं का?

नीलपक्षी:
नाही, थांबू नये. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या प्लाकला जास्त तीव्र प्रतिसाद देतात, म्हणून सूज आणि रक्त वाढतं. स्केलिंग गरोदरपणात सुरक्षित आहे, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात खुर्चीत पाठीवर टेकून बसणंही त्यामानानं सोपं जातं. किती महिने झाले आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे तिनं आधीच सांगावं. सकाळी उलट्या होत असतील तर त्यानंतर लगेच ब्रश करू नये. पाण्यानं चूळ भरून अर्धा-एक तासानं करावा.

मोगरी:
नीलपक्षी, धन्यवाद. मावशींचे राहिलेले दात वाचण्यासारखे असतील का? त्यांना घेऊन जायचं म्हणतेय.

नीलपक्षी:
जरूर न्या. दात हलतो म्हणजे तो काढावाच लागतो असं नाही. किती हलतोय आणि भोवती हाड किती उरलंय, त्यावर ठरतं. जुना एक्स-रे असेल तर सोबत ठेवा, त्यावरून झीज किती वेगानं झाली ते कळेल.