दमास्कस सुरीची धार एका बकऱ्यातच गेली, फसलो काय?

खानापूरचा_गडी:
नमस्कार मंडळी. ऑनलाईन एक दमास्कस हंटिंग नाईफ मागवलेली, २२०० ला, सहा इंची पातं आणि त्यावर पाण्यासारख्या लाटा, बघूनच जीव गेला माझा. शिकार बिकार काय नाही हां, ती १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदच हाय, आमचं आपलं लक्ष्मीच्या जत्रेचं बकरं. तर कातडं सोलेपर्यंत झकास चालली, पण सांधे सोडवायला घेतल्यावर धार अशी बसली की शेवटी आज्जीच्या विळीवर मटण करावं लागलं, मामा अजून हसालाय. वर आणि लिंबू लावून घासणीनं घासली तर लाटा पण फिक्या पडल्या. डुप्लिकेट हाय काय ही, का दमास्कस असंच असतंय?

उद्यमबाग_शॉपफ्लोअर:
काठ बघून लुगडं घेतलासा, पोत बघितलाच नाही. आता दमास्कस म्हणून विकतात ती दोन पोलादांच्या थरांची असते, चांगल्यात बहुतेक करून १०९५ (जवळपास एक टक्का कार्बन) आणि १५एन२० (दोनेक टक्के निकेल), ते तापवून घणाखाली एकजीव करायचं, दुमडायचं, परत ठोकायचं, आणि शेवटी ॲसिडात बुडवलं की कार्बनवालं काळं पडतंय, निकेलवालं पांढरं राहतंय. लिंबू आणि घासणीनं ती वरची काळी पुटं निघाली असणार, त्यावरनं डुप्लिकेट म्हणता येत नाही. मुठीजवळ पॉलिश पेपर मारून लाटा पार घालवा, मग फेरिक क्लोराईड पाण्यात घालून लावा (सर्किट बोर्डसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतंय, हातमोजे घाला). लाटा परत आल्या तर खरी, नाही तर वरनं छापलेली.
धारेचं वेगळं. जुनी कानस धारेवर हलकी ओढा. काचेवरनं घसरल्यासारखी घसरली तर पातं कडक, चावली तर पाणीच (म्हणजे तापवून झटक्यात थंड करून कडक करणं) नीट दिलेलं नाही. कामाच्या सुरीला ५८ ते ६० रॉकवेल (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) तरी पाहिजे.

उक्कू:
खरी जुनी दमास्कस हीच नव्हं ओ. जुन्या दमास्कस तलवारींचं पोलाद आपल्या दक्षिणेतनं जायचं, मुशीत वितळवलेलं, दीडेक टक्का कार्बन. इंग्रजांनी त्याला वूट्झ म्हटलं, ते आपल्या कन्नड उक्कूवरनंच आलं असं बरेच जण मानतात. त्यात दुमडणं नाही, लाटा म्हणजे आत कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बनच्या कडक कणांच्या) रांगा, आणि त्या रांगा खनिजातल्या कणभर व्हॅनेडियमसारख्या धातूमुळं जमतात हे व्हर्होवेन आणि पेंड्रे या अमेरिकन धातुशास्त्रज्ञ-लोहार जोडीनं दाखवलं. १९ व्या शतकात ती विद्या बुडाली. २२०० त ती कुठली यायला.

निपाणी_एक्सप्रेस:
एवढं ॲसिड बिसिड कशाला? आमच्या लोहारमामांनी ट्रकच्या कमानपाट्याची सुरी करून दिल्याली, तीन वर्षं झाली, दिसायला म्हशीच्या पाठीसारखी पण धार बघा. फक्त पावसाळ्यात खोबरेल लावून ठेवतो आणि चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, चामडं ओल धरतंय. दमास्कसला पण तेच, ती स्टेनलेस नव्हं.

खानापूरचा_गडी:
केलं ओ दोन्ही. लाटा परत आल्या, अगदी पहिल्यापेक्षा काळ्या. आणि कानस अशी चावली की भुसा पडला. म्हणजे माल खरा आणि सुरी मऊ! परत पाणी देता येईल काय?

उद्यमबाग_शॉपफ्लोअर:
येतंय, पण आत नक्की कुठलं पोलाद हाय ठाऊक नाही तेव्हा जुगारच. मूठ काढा, धारेकडचा भाग लालभडक करा, लोहचुंबक चिकटायचं बंद झाल्यावर अजून जरासं, मग कोमट तेलात. पाण्यात नको, तडकेल. कानस घसरली तरच पुढं जायचं, ओव्हनला २०० डिग्रीत दोन दोन तास दोनदा, नाही तर हाडावर तुकडा उडेल. पातं जास्त लांब करून घेऊ नका, ९ इंचाच्या वर गेलं की आर्म्सच्या (शस्त्र परवान्याच्या) नियमात अडकायला होतंय.

खानापूरचा_गडी:
ओव्हन बायकोचा हाय, केक करती त्यात. बघतो कसं विचारायचं ते.