नाकेबंदी चुकवून आलेले टपाल (१८६१–६५): पाकीट अस्सल आहे हे कसे ठरवावे?

प्रश्न: जुने_टपाल

नमस्कार. मुंबईच्या पेढ्यांनी लिव्हरपूलला पाठवलेली कापूस-व्यापाराची पाकिटे मी बरीच वर्षे जमवत आहे. त्या काळी मुंबईच्या कापसाला जो भाव आला, तो अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आणि मुख्यतः अध्यक्ष लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केल्यामुळे. म्हणून त्या नाकेबंदीतून चोरून गेलेल्या टपालाचे निदान एक तरी पाकीट संग्रहात असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एका परदेशी विक्रेत्याने मला दोन पाकिटे देऊ केली आहेत. पहिल्यात लिव्हरपूलहून ७ मार्च १८६३ रोजी लिहिलेले पत्र आहे. पत्ता जॉर्जियातील ऑगस्टा शहराचा असून पाकिटावर दक्षिणेच्या चार्ल्सटन बंदराचा १४ एप्रिलचा गोल शिक्का, शेजारी ‘स्टीम-शिप’ हा शिक्का आणि ‘१२’ हा आकडा आहे. मात्र इंग्लंडचे तिकीट किंवा शिक्का कुठेच नाही. दुसऱ्यावर दक्षिणेचे, तिचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचे चित्र असलेले दहा सेंटचे निळे तिकीट, तोच ‘स्टीम-शिप’ शिक्का आणि चार्ल्सटनची नोव्हेंबर १८६३ ची तारीख आहे. किंमत दुसऱ्याची जास्त आहे. इंग्लंडहून निघालेल्या पत्रावर इंग्लंडची एकही खूण नसणे संशयास्पद मानावे का, आणि या दोहोंपैकी कोणते घ्यावे?

उत्तर १: शिक्का_आणि_शाई

पहिल्या पाकिटावर इंग्लंडची खूण नाही, यात काहीही वावगे नाही. किंबहुना या प्रकारच्या टपालात तसेच अपेक्षित असते. दक्षिणेच्या सरकारला कोणत्याही देशाने मान्यता दिली नव्हती, त्यामुळे टपालाचा करार नव्हता आणि दक्षिणेचे तिकीट तिच्या हद्दीबाहेर निरुपयोगी होते. लिव्हरपूलचा व्यापारी ऑगस्टाचा पत्ता लिहिलेले पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून ब्रिटिशांच्या ताब्यातील नासाऊ (बहामाज बेटे) किंवा बर्म्युडा येथील अडत्याच्या नावे पाठवत असे. इंग्लंडचे तिकीट आणि शिक्के त्या बाहेरच्या पाकिटावर पडत, आणि अडत्या ते फोडून आतले पाकीट नाकेबंदी चुकवणाऱ्या आगबोटीच्या कप्तानाकडे देई. नासाऊची हेन्री अ‍ॅडर्ली आणि कंपनी ही पेढी अशा कामासाठी प्रसिद्ध होती. काही अडत्ये आतल्या पाकिटावर स्वतःचा शिक्का उमटवत आणि तो असेल तर पाकिटाचे मोल वाढते. पण तो नसणे हा दोष नव्हे. लिव्हरपूलहून नासाऊला जाणारे बरेचसे टपाल क्युनार्ड या ब्रिटिश आगबोट कंपनीच्या बोटींनी न्यू यॉर्कमार्गे, म्हणजे शत्रूच्याच बंदरातून, बंद थैल्यांत जात असे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आता ‘१२’ या आकड्याविषयी. हा दर जुळतो का, हे पाहणे ही पहिली कसोटी आहे. बंदरात आणून दिलेल्या प्रत्येक पत्रामागे कप्तानाला दोन सेंट मिळत आणि त्यात आतल्या प्रवासाचे टपाल मिळवून सगळी रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. १ जुलै १८६२ पर्यंत पाचशे मैलांच्या आत पाच सेंट आणि त्यापुढे दहा सेंट असा दर होता. त्या दिवसापासून अर्ध्या औंसाला सरसकट दहा सेंट झाले. चार्ल्सटन ते ऑगस्टा हे अंतर पाचशे मैलांपेक्षा पुष्कळच कमी असल्याने १८६२ च्या मे महिन्यात आलेल्या पत्रावर ‘७’ असायला हवा होता, तर एप्रिल १८६३ च्या पत्रावर ‘१२’ च हवा. दुप्पट वजनाच्या पत्रावर ‘२२’ दिसतो, आणि खुद्द बंदराच्या गावातच पोचवायच्या पत्रावर ‘६’. आपले पहिले पाकीट या कसोटीवर निर्दोष उतरते.

उत्तर २: खारा_वारा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र दर जुळला म्हणून पाकीट सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही, कारण खोटे पाकीट बनवणाऱ्यालाही दर ठाऊक असतात. त्याला सहसा साधत नाही तो तारखांचा मेळ. पत्र लिव्हरपूलहून केव्हा निघाले, ते घेऊन जाणारी बोट नासाऊला केव्हा पोचली आणि त्यानंतर नासाऊहून निघालेली कोणती आगबोट शिक्क्याच्या तारखेच्या एकदोन दिवस आधी चार्ल्सटनमध्ये शिरली, हे त्या वेळची वृत्तपत्रे, वकिलातींचे अहवाल आणि नौदलाची कागदपत्रे यांवरून पुष्कळदा ठरवता येते. नासाऊ ते चार्ल्सटन हा प्रवास साधारण तीन दिवसांचा होता. बोटी करड्या रंगाने रंगवलेल्या असत, धूर कमी व्हावा म्हणून अँथ्रासाइट कोळसा जाळत आणि बंदरात शिरण्यासाठी शक्यतो चंद्र नसलेली रात्र निवडत. त्यामुळे शिक्क्याची तारीख पंचांगाशी ताडून पाहण्यातही अर्थ असतो. १८६३ च्या एप्रिलमध्ये अमावास्या १७–१८ तारखेच्या सुमारास होती. म्हणजे १४ एप्रिलच्या आधीच्या रात्रींना चंद्र बराच उशिरा, पहाटेकडे उगवत होता. हा पुरावा नव्हे, पण ही तारीख अशा प्रवासाला अनुकूल आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

दुसऱ्या पाकिटाविषयी मात्र मी अत्यंत सावध राहीन. १८६३ च्या जुलैपासून उत्तरेच्या सैन्याने चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेल्या मॉरिस बेटावर हल्ले सुरू केले, सप्टेंबरच्या सुरुवातीला तेथील वॅग्नर किल्ला पडला आणि चार्ल्सटनमध्ये शिरणे इतके धोक्याचे झाले, की तो सगळा व्यवहार विल्मिंग्टन या दक्षिणेच्याच दुसऱ्या बंदराकडे वळला. चार्ल्सटनची ये-जा पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली खरी. पण नोव्हेंबर १८६३ मध्ये ती जवळजवळ थांबलेली होती. दुसरी शंका तिकिटाची आहे. जहाजाने आलेल्या पत्राचे पैसे घेणारा देत असल्याने त्यावर सहसा तिकीट नसते, आणि प्रवाशाने खिशातून आणून आतल्या टपालात टाकलेल्या पत्रावर तिकीट असते पण जहाजाचा शिक्का नसतो. तिकीट आणि ‘स्टीम-शिप’ दोन्ही एकत्र दिसले, की चार्ल्सटनमध्येच टाकलेल्या साध्या पाकिटावर नंतर तो शिक्का मारला असावा, अशी शंका घ्यावीच लागते. गोल शिक्क्याची आणि ‘स्टीम-शिप’ची शाई एकच आहे का, ती कागदात सारखीच मुरली आहे का आणि तिकिटाच्या कडेवर उमटलेला शिक्का खाली कागदावर अखंड पुढे जातो का, हे भिंगाखाली आणि अतिनील दिव्याखाली तपासून घ्यावे.

हे टपाल इतके दुर्मीळ का झाले, याचे एक कारण असे, की बोट पकडली जाणार असे दिसताच टपालाची थैली समुद्रात फेकली जाई. २७ एप्रिल १८६२ रोजी ‘बर्म्युडा’ नावाची बोट पकडली गेली, तेव्हा लंडनच्या डी ला रू कंपनीने दक्षिणेसाठी छापलेल्या तिकिटांची खोकी आणि पत्रांची एक पिशवी कप्तानाच्या भावाने पाण्यात टाकली. जी पत्रे उत्तरेच्या हाती लागली, ती जप्त जहाजांच्या खटल्यात पुरावा म्हणून न्यायालयात गेली. त्यांपैकी काहींवर जहाजाचे नाव आणि न्यायालयीन नोंद हाताने लिहिलेली आढळते, आणि माझ्या मते ती या विषयातील सर्वांत बोलकी पाकिटे आहेत.

जुने_टपाल

दोघांचाही अत्यंत आभारी आहे. दुसऱ्या पाकिटाचा विचार मी सोडून दिला आहे. पहिल्यासाठी ते अस्सल असल्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे नाही. शिवाय दक्षिणेतून बाहेर गेलेल्या पत्रांविषयीही कुणी सांगावे, कारण लिव्हरपूलशी माझा संबंध त्या बाजूनेही येऊ शकतो.

उत्तर ३: आगबोट_१८६३

बाहेर गेलेली पत्रे आत आलेल्यांहून दुर्मीळ आहेत आणि ओळखायलाही कठीण आहेत. चार्ल्सटन किंवा विल्मिंग्टनमधील अडत्याकडे दुसऱ्या पाकिटातून पोचलेले पत्र नासाऊपर्यंत कोणत्याही खुणेविना जाई. तेथे त्यावर बहामाजचे तिकीट लागे किंवा ते बिनतिकिटी टपालात पडे आणि लिव्हरपूलला पोचेपर्यंत ते नासाऊच्या एखाद्या सामान्य पत्रासारखेच दिसे. त्यामुळे आतला मजकूर किंवा घेणाऱ्या पेढीने पाकिटाच्या कडेला केलेली ‘अमुक गावाहून, अमुक तारखेचे’ ही नोंद एवढाच पुरावा उरतो. लिव्हरपूलच्या पेढ्यांच्या जुन्या दप्तरांतील नासाऊची आणि बर्म्युडाची पाकिटे पाहताना प्रत्येकाची कड वाचावी, कारण विक्रेत्याने ती वाचली नसण्याचीही शक्यता असते.

प्रमाणपत्राबाबत माझा आग्रह असा, की ते पाकीट भारतात येण्यापूर्वीच करून घ्यावे. न्यू यॉर्कचे फिलाटेलिक फाउंडेशन हे काम करते, आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या टपालाला वाहिलेल्या संग्राहक-संस्थेचे स्वतंत्र परीक्षक मंडळही आहे. खरेदी परीक्षकांच्या निर्णयावर अवलंबून ठेवण्याची पद्धत तिकडे रूढ असल्याने तशी लेखी अट घालण्यात संकोच करू नये. एकदा पाकीट येथे आले, की ते तपासणीसाठी पुन्हा परदेशी पाठवताना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आड येऊ शकतात. दरम्यान पत्राच्या चारही बाजूंचे, आणि घड्यांच्या आतील भागाचेही, स्वच्छ फोटो मागवावेत. लिव्हरपूलचे व्यापारी एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या बोटींनी पाठवत आणि पहिली प्रत कोणत्या बोटीने गेली, हे पुष्कळदा वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. तसे एखादे नाव सापडले, तर ते येथे द्यावे. एप्रिल १८६३ मध्ये चार्ल्सटनला आलेल्या बोटींची माझी टिपणे आहेत, ती मी त्याच्याशी ताडून पाहीन.