ओडीयू बदलण्याआधी डिश फिरवा

घाटंजीकडच्या 20 किमी मायक्रोवेव्ह हॉपवर (दोन टॉवरांमधल्या थेट रेडिओ दुव्यावर) सिग्नल -37 ऐवजी -60 डीबीएम येतोय आणि ओडीयू (डिशमागचा रेडिओचा डबा) बदलूनही फरक नाही, म्हणजे दोष बहुधा ओडीयूत नाहीच. 15 गिगाहर्ट्झला 1.2 मीटर डिशचा मुख्य बीम जेमतेम 1.2 अंशांचा असतो. 20-25 डीबी कमी म्हटलं की आधी साइड लोबवर, म्हणजे मुख्य बीमच्या बाजूच्या कमजोर बीमवर डिश अडकल्याचा संशय घ्यायचा.

दोन्ही टोकांना एटीपीसी (पॉवर आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा, पॉवर फिक्स ठेवा. ओडीयूच्या बीएनसीला (सिग्नलची ताकद व्होल्टेजमध्ये देणाऱ्या सॉकेटला) मल्टिमीटर लावून आडव्या कोनाचा बोल्ट पाव-पाव फेरा फिरवत डिश या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून बघा. सिग्नलची तीन शिखरं दिसतील, मधलं सर्वांत उंच, तिथंच थांबा. मग उभा कोन, मग समोरचं टोक. एका वेळी एकच डिश हलवायची! तरीही -60 च असेल तर पोलरायझेशन (लहरींची उभी-आडवी दिशा) तपासा. एकीकडे व्ही (उभी), दुसरीकडे एच (आडवी) असलं तरी एवढा किंवा याहून मोठा फटका बसतो.

आणि हॉपच्या मार्गाचा सर्व्हे एप्रिलचा असेल तर सावध. तेव्हा साग निष्पर्ण असतो, जुलैत पानं थाळीएवढी होतात. हॉपच्या मध्यावर फ्रेस्नेल त्रिज्या (सिग्नलच्या सरळ रेषेभोवती लागणाऱ्या मोकळ्या जागेची त्रिज्या) 10 मीटर भरते, त्यातले किमान 6 मीटर झाडांच्या शेंड्यांवर मोकळे हवेत.